पवायला शिकले तो उन्हाळा

शनिवारचा शेवटचा तास आमच्या शाळेत मोकळा असतो. त्या तासाला मी मुलांना पुस्तकाबाहेरचं काहीतरी सांगते. शाळा देवगाव फाट्यापासून जरा आत आहे. वर पत्रे, खिडकीबाहेर कापसाच्या पऱ्हाट्या उपटून मोकळं झालेलं काळं रान. मार्चमधल्या एका शनिवारी ऊन चढायला लागलं होतं, मुलं पेंगत होती, आणि मला वाटलं, पाण्याचं काही बोलावं, तेवढाच गारवा. म्हणून मी पाण्यातल्या खेळांविषयी बोलायला लागले.

आदल्या संध्याकाळी वाचलेलं ताजं होतं. बर्फाच्या मुलखातले शिकारी हाडांचा आणि वाहून आलेल्या लाकडांचा सांगाडा करायचे, त्यावर सीलचं कातडं ताणून शिवायचे आणि त्या अरुंद होडीत एकटे बसून निघायचे. आज स्पर्धेत दिसतो तो कयाक म्हणजे तीच होडी. दूरच्या बेटांवर लोक लाकडाच्या फळीवर उभे राहून लाटेबरोबर किनाऱ्याला यायचे, राजे यायचे तशा राण्याही यायच्या. विलायतेतल्या नदीवर भाडं मारणारे नावाडी एकमेकांशी पैजा लावायचे, त्यातून वल्ह्यांच्या शर्यती आल्या. तिथल्याच तळ्यांमध्ये पोरं चेंडू घेऊन धुडगूस घालायची, त्याचा पुढे वॉटर पोलो झाला. मी मोबाइलवर चित्रं दाखवत होते. मुलं माना पुढे करून बघत होती.

सगळ्यात शेवटी मी गुहेतलं चित्र दाखवलं. आफ्रिकेच्या वाळवंटात एक गुहा आहे, तिच्या भिंतीवर हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी माणसं काढून ठेवली आहेत. हात पुढे, पाय मागे, अंग आडवं. पोहणारी माणसं. आता तिथे चहूकडे वाळू आहे. मला वाटलं होतं, मुलांना याचं फार नवल वाटेल. पण आमच्या मुलांना, पाणी होतं आणि मग गेलं, यात काही विशेष वाटलं नाही. त्यांनी नुसत्या माना डोलावल्या.

मग पुढच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, तुमाला पवायला येतंय का?"

मी म्हणाले, नाही येत.

ती जरा विचारात पडली. "मंग तुमी नुसतं वाचून सांगायलात," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात उपहास नव्हता. पाऊस पडला नाही म्हणावं तसं ती म्हणाली आणि दप्तर भरायला लागली.

दुपारी जेवणाचा डबा उघडताना मी हे माझ्या मैत्रिणीला सांगितलं. ती आमच्याच शाळेत गणित शिकवते. तिचं सासर शाळेपासून दोन गावं पलीकडे, शेतकऱ्याचं घर, मोसंबीची बाग, आणि बागेत जुनी दगडी विहीर. तिला लहानपणापासून पोहता येतं. ती सहज म्हणून गेली, सुट्टी लागली की आमच्या विहिरीवर ये, मी शिकवते. आणि बोलता बोलता थांबली. मीही घास हातात धरून थांबले. कारण तिच्या सासरचं गाव हेच माझ्या आईचं माहेर होतं, आणि आमच्या मैत्रीच्या इतक्या वर्षांत आम्ही त्या विहिरीचं नाव कधी काढलं नव्हतं.

मी वाढले पूर्णेला, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. वडील रेल्वेत होते. आमच्या दारात नळ होता, आणि इंजिनांच्या शिट्ट्यांच्या हिशेबाने आमचा दिवस चालायचा. नदीवर मुलगे जायचे, मुली जात नसत. त्यामुळे पाणी म्हणजे माझ्यासाठी बादलीतलं पाणी. आईचं पाणी वेगळं होतं. तिच्या लहानपणी आमच्या लोकांना त्या विहिरीत उतरता येत नसे. कळशी दगडावर ठेवायची, चार पावलं मागे सरकायचं आणि कुणी दया करून वरून ओतेल तोवर उभं राहायचं. आमच्या घराने धम्म घेतल्यानंतरही गावात ते कितीतरी वर्षं तसंच चाललं. हे मला आईने एकदाच सांगितलं होतं, मी शिक्षिका झाले तेव्हा. पुन्हा कधी नाही.

वडील गेल्यापासून आई सेलूला माझ्याकडे असते. मी तिला माय म्हणते. त्या संध्याकाळी ती मेथी निवडत बसली होती. मी तिच्याजवळ बसले आणि सरळ सांगितलं, की मी पोहायला शिकणार आहे, आणि कुठे ते.

तिने काड्या बाजूला करणं थांबवलं नाही. निवडता निवडता म्हणाली, "पायऱ्याची हीर ना?"

मी हो म्हणाले.

"खाली पान्याजवळ एक देवळी हाय म्हनं. दिवा ठेवायची. बायका बोलायच्या."

मी विचारलं, तू पाहिलीस का कधी. ती म्हणाली, "वरून कुठं दिसतंय." मग तिने निवडलेली मेथी पाण्यात टाकली, हाताने खालवर केली आणि मला म्हणाली, "जा. शिक."

मे महिन्यात मी पहिल्यांदा गेले. सकाळची वेळ, पण ऊन मोसंबीच्या पानांवर चकाकत होतं. विहीर बागेच्या मध्यावर होती, जुन्या घडीव दगडांची, चौकोनी तोंडाची, एका अंगाने खाली उतरणाऱ्या पायऱ्या. आता धरणाच्या कालव्याला पाणी सुटतं, त्याचा पाझर येतो, म्हणून उन्हाळ्यातही ती अर्ध्याहून वर भरलेली असते. एकेक पायरी उतरत गेले तसं ऊन वरच राहिलं. अंगावर थंडावा चढत गेला, आवाज बदलत गेला. आपलं साधं बोलणंही दगडांना लागून मोठं होऊन परत यायचं. भिंतीतल्या भोकांमधून पारवे घुमत होते. काठावरच्या बाभळीची एक फांदी विहिरीवर वाकली होती आणि तिला सुगरणीची घरटी लोंबत होती, वाऱ्याने हलकी हलकी फिरत. पाणी हिरवं होतं. त्यात खाली सरकत गेलेल्या पायऱ्या दिसायच्या, दोन, तीन, चार, मग हिरवेपणात विरघळून जायच्या.

पाण्याच्या वर हात पोचेल एवढ्या उंचीवर ती देवळी होती. काळी पडलेली, आत काही नसलेली.

मैत्रिणीची सासू वर थारोळ्याच्या दगडावर बसली होती. पूर्वी मोटेचं पाणी जिथे पडायचं तो हा कुंडासारखा दगड. तिला सुना आत्याबाई म्हणतात, मी मावशी म्हणायचे. पंच्याहत्तरी ओलांडलेली, ताठ पाठीची, मोजकं बोलणारी बाई. माझ्या कमरेला एक दोर बांधला होता आणि त्याचं दुसरं टोक तिने हातात धरलं होतं. पाठीला दोन रिकामे तेलाचे कॅन. पूर्वी वाळका भोपळा बांधायचे, आता कुणाकडे भोपळे नाहीत, मैत्रीण म्हणाली. तिची जाऊही आमच्याबरोबर पाण्यात होती, हसरी, उन्हाने रापलेली, मासोळीसारखी सुळकन जाणारी. आम्ही तिघी सलवार-कुडते घालून पाण्यात, आणि वर म्हातारी दोर धरून.

पहिले काही दिवस मी फक्त पाणी प्यायले. पाय मारले की तोंड खाली जायचं, तोंड वर काढलं की पाय बुडायचे. मैत्रीण पोटाखाली हात धरून समजावायची. मावशी वरून एवढंच म्हणायची, "पाय मार. हाताचं मागून बघू." दोर मात्र ती कधी सैल सोडत नसे आणि कधी ओढतही नसे. तो तिच्या हातात आहे हे मला पाठीत जाणवायचं.

मग एक दिवस मला उताणं तरंगायला आलं. ते कसं आलं हे सांगता येणार नाही. मैत्रिणीने मानेखालचा हात काढून घेतला होता, आणि मला ते कळलंच नाही. कान पाण्याखाली होते. वरचे सगळे आवाज निघून गेले आणि त्यांच्या जागी दुसरेच आवाज आले. कुठूनतरी झरा पाझरतोय त्याची बारीक किणकिण. शेजारच्या रानात चालू असलेल्या मोटारीची घरघर, जमिनीतून येणारी, जणू कुणी दूरच्या खोलीत जातं फिरवतंय. माझा स्वतःचा श्वास. आणि वर चौकोनी आभाळ, त्याच्या कडेने सुगरणीची घरटी, एक पारवा आभाळ ओलांडून जाणारा. मला आई आठवली नाही, शाळा आठवली नाही, माझं वय आठवलं नाही. गुहेच्या भिंतीवरची ती माणसं तेवढी डोळ्यांपुढे आली. ती कुठेही पोचायला निघालेली नव्हती, असं मला तेव्हा वाटलं. ती नुसती पाण्यात होती, आणि ते इतकं छान होतं की कुणालातरी भिंतीवर काढून ठेवावंसं वाटलं.

त्या दिवशी मी पायऱ्यांवर बसून केस पिळत होते तेव्हा मावशी खाली आली. एकेका पायरीवर हात टेकत आली आणि माझ्यापेक्षा वरच्या पायरीवर बसली. मैत्रीण आणि तिची जाऊ पलीकडच्या भिंतीपर्यंत शर्यत लावत होत्या. मावशीने मला माझ्या आईचं माहेरचं घर कुठलं ते विचारलं. तिला ते माहीत असणार, पण तिला माझ्या तोंडून ऐकायचं होतं. मी सांगितलं. वेशीबाहेरचं, लिंबाच्या पलीकडचं, ज्याच्या मागे पुढे विहार झालं ते.

तिने पाण्याकडे बघतच पुढचं विचारलं.

"थोरली का धाकटी?"

"धाकटी."

"तिच्या कळशीला पोचा होता," ती म्हणाली. "मी नवी नवरी होते. सासूबाईंनी मला पानी वतायला बसवलं होतं. मीच वतायचे."

रागाची एक उबळ आली आणि तिच्या पंच्याहत्तरीकडे, तिच्या दोर धरून लाल झालेल्या तळव्याकडे बघून ती कुठे ठेवावी ते कळेना. मी ओढणी पिळत राहिले. ती उठून तशीच हात टेकत वर गेली, आणि दुसऱ्या दिवशी मी पाण्यात उतरले तेव्हा दोर तिने रोजच्यासारखाच धरला.

घरी मी आईला सगळं सांगितलं. कळशीच्या पोच्याचंही. आई म्हणाली, "व्हता खरा."

पुढचे दिवस फार सुंदर गेले. मला आठवतात ते एकमेकांत मिसळलेले आठवतात, एक लांबलचक हिरवी सकाळ असल्यासारखे. आता मला दोर लागत नव्हता. मी आडवी जाऊ शकत होते, बुडी मारून पाण्याखालची तिसरी पायरी शिवून येऊ शकत होते. दोर धरायचं काम सुटल्यामुळे मावशीला करमेना. एकदा तिने झाडाखाली पडलेलं एक मोसंबं उचललं आणि वरून पाण्यात टाकलं. ते खाली गेलं, मग हळूच वर आलं, अर्धं पाण्यावर, पिवळं. आम्ही तिघीही त्याच्याकडे झेपावलो. कुणी ठरवलं नव्हतं. जावेने पकडलं, मैत्रिणीने तिच्या हातावर पाणी उडवून सोडवलं, ते निसटून माझ्याकडे आलं आणि मी ते घेऊन पायरी गाठली. वरून मावशी म्हणाली, "एक झाला."

तिथून खेळ सुरू झाला. मावशीने मोसंबं टाकायचं, जिने ते पायरीला लावलं तिचा एक. पहिल्या दिवशी एवढाच नियम होता. दुसऱ्या दिवशी भांडण झालं, म्हणून दुसरा नियम आला, की भिंतीला धरायचं नाही. मग केस ओढायचे नाहीत हा आला. मी माझं वाचलेलं पुढे केलं. वॉटर पोलोमध्ये चेंडू पाण्याखाली दाबून धरता येत नाही, म्हणून आपल्यातही नको. मावशीने ते ऐकून घेतलं.

"त्यांच्या हिरीत चालत नसंल," ती म्हणाली. "हितं चालतंय."

मोसंबं फुटलं की ते मासोळ्यांना आणि डाव संपला. सगळ्या विहिरीला सालीचा वास यायचा. घरी आल्यावरही तो माझ्या केसांत असायचा. आई केसांना तेल लावून देताना वास घ्यायची आणि विचारायची, आज कुणाचे जास्त झाले. मी सांगायचे. ती खेळाचे नियम बारकाईने विचारायची. भिंतीला पाय लावला तर? दोघींनी एकदम पकडलं तर? पारव्याने चोच मारली तर? आणि मग एकदा, तेलाची वाटी बाजूला ठेवत, तिने विचारलं की उद्या रिक्षा किती वाजता येते. मला वाटलं तिला दवाखान्यात जायचं आहे.

"तुज्यासंग यायचंय," ती म्हणाली. "हीर बघायची."

रिक्षा फाट्यावरून आत वळल्यावर तिने पदर नीट केला आणि बाहेर बघायला लागली. गावाजवळ आल्यावर तिने काही खुणा ओळखल्या, काही नाही ओळखल्या. लिंब तोडला होता. विहाराला निळा रंग दिला होता, तो तिने मान वळवून दिसेनासा होईपर्यंत पाहिला.

मैत्रिणीने तिला आधी घरी चहाला चला म्हणून आग्रह केला. आई म्हणाली, चहा मागाहून घेऊ. ती सरळ बागेत चालत गेली, रस्ता न विचारता. मावशी थारोळ्यावर बसलेली होती. आईला बघून ती उठून उभी राहिली. तिला उठताना त्रास होतो, तरी उठली.

पूर्वी आई तिला पाटलीनबाई म्हणायची, हे मला नंतर कळलं. गावच्या लेकी गावच्या सुनांना वयनी म्हणतात. पण ते नातं आमच्या घरांना लागू नव्हतं. आई तिच्यासमोर थांबली. दोघी एकमेकींकडे बघत होत्या, चेहऱ्यांवरच्या सुरकुत्यांखाली काही ओळखीचं सापडतं का ते शोधत असल्यासारख्या.

"कशा हाव वयनी?" आई म्हणाली.

मावशीने पायऱ्यांकडे हात केला. उतरा, असा.

आई उतरली. मी तिच्या पुढे, मागे तोंड करून, हात धरायला तयार. तिने हात धरला नाही. प्रत्येक पायरीवर ती थांबायची, भिंतीच्या दगडाला तळवा लावायची. देवळीजवळ पोचल्यावर तिने आत हात घातला, कोपरापर्यंत, आणि आतला दगड चाचपून बघितला. मग पाण्याच्या पायरीवर बसली आणि पाय सोडले. घोटे, पोटऱ्या. मला वाटलं, झालं. एवढ्यासाठीच आली होती.

तिने पदर कमरेला खोचला, साडीचा काष्टा ओढून घट्ट केला आणि बसल्या जागेवरून पाण्यात सरकली.

मी ओरडले असेन. मैत्रिणीने तर सरळ उडीच मारली. पण आम्ही तिच्यापाशी पोचायच्या आत ती उलटी वळली होती, पाठीवर, हात पसरून, हनुवटी वर करून. तिची पांढरी वेणी पाण्यावर सुटत गेली. पाय किंचित हलत होते. ती विहिरीच्या मधोमध जाऊन थांबली आणि तशीच राहिली.

माझ्या आईला पोहता येतं हे मला माहीत नव्हतं. माझ्या वडिलांनाही माहीत नसावं. दुधना नदीवर धुणं धुवायला जायची तेव्हा ती आणि तिच्या मैत्रिणी डोहात शिकल्या होत्या, कुणी न शिकवता. लग्न होऊन पूर्णेला आली, क्वार्टरमध्ये नळ होता, आणि विषय निघालाच नाही. हे सगळं तिने नंतर सांगितलं. त्या वेळी तिचे डोळे उघडे होते. चौकोनी आभाळ तिच्यावर होतं आणि सुगरणीची घरटी फिरत होती. मैत्रीण, तिची जाऊ आणि मी पायऱ्यांना धरून कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहून बघत होतो. पाणी इतकं स्थिर झालं की भिंतीवरच्या प्रकाशाच्या रेघाही थांबल्या.

कितीतरी वेळाने ती पायरीला आली. मावशी तोवर खाली उतरून आली होती, कोरडं लुगडं हातात घेऊन. ते तिने आईच्या खांद्यावर टाकलं आणि त्याच पायरीवर, तिच्या शेजारी बसली. बसताना तिच्या लुगड्याचा काठ भिजला.

"मला तवा कळत न्हवतं असं न्हाई," मावशी म्हणाली. खाली बघत म्हणाली. "कळत व्हतं."

आई केस पुसत होती. तिने घाई केली नाही.

"तुमी हळू वतायच्या," ती म्हणाली. "सांडू देत नव्हत्या. ते ध्यानात हाय माझ्या." आणि जरा थांबून, त्याच आवाजात, "बाकीचंबी ध्यानात हाय."

मावशीने मान हलवली. तिथेच त्यांनी गुडघ्यांचं बोलायला सुरुवात केली. दोघींचेही उजवे गुडघे दुखत होते. मग चहा झाला, बागेत, बाजेवर. परत येताना मावशीने पिशवी भरून मोसंबी दिली, आणि आईने पिशवी रिक्षात मांडीवर धरली, दोन्ही हातांनी.

जूनमध्ये पाऊस चांगला झाला आणि विहीर पायऱ्या गिळत वर आली. शाळा सुरू झाली. आमचं पोहणं थांबलं. पण आईच्या मनात पाणी शिरलं होतं. ती टीव्हीवर बोटींच्या शर्यती दिसल्या की बघत बसायची, आणि मला विचारायची, हे समुद्रात असतंय का. तिने समुद्र पाहिला नव्हता. दिवाळीच्या सुट्टीत मैत्रीण, आई आणि मी कोकणात गेलो. परभणीहून गाडी, मग एसटी, मग पुन्हा एसटी. मावशीलाही चला म्हणालो होतो, पण एवढा प्रवास तिच्या गुडघ्यांना जमणार नव्हता.

समुद्र बघून आई म्हणाली, आवाज लय करतंय. तिला खाडी आवडली. खाडीचं पाणी शांत होतं, दोन्ही काठांना खारफुटी, आणि तिथे भाड्याने कयाक मिळत होते, प्लॅस्टिकचे, रंगीत, दोघांना बसता येईल असे. मला वाटलं, ते भाड्याने देणारा माणूस आईकडे बघून नाही म्हणेल. त्याने तिला नुसतं पोहता येतं का विचारलं. ती म्हणाली, येतंय. त्याने लुगड्यावरच लाइफ जॅकेट बांधून दिलं आणि तिला पुढे बसवलं.

मी मागे बसून वल्हं मारत होते, वेडंवाकडं. आईने वल्हं घ्यायला नकार दिला. ती पाण्यात हात सोडून बसली होती. भरतीची वेळ होती, त्यामुळे मी वल्हं थांबवलं तरी पाणी आम्हाला आत आत नेत होतं. बगळे उडत होते. मैत्रीण तिच्या कयाकमध्ये खूप पुढे निघून गेली होती. मी आईला बर्फाच्या मुलखातल्या शिकाऱ्यांची गोष्ट सांगायला लागले. हाडांचा सांगाडा, कातड्याची शिवण, एकाच माणसाला पुरेल एवढी होडी.

तिने विचारलं, "त्यांच्यात बायका चालवायच्या का?"

मला माहीत नव्हतं. तसं मी सांगितलं. घरी आल्यावर मी शोधलं. त्या लोकांमध्ये दुसरी एक मोठी होडी असायची, उघडी, कातड्याचीच. काही भागांत तिला बायकांची होडी म्हणायचे. बायका ती वल्हवायच्या. उन्हाळा आला की त्या तिच्यात भांडी, कातडी, मुलं, म्हातारी माणसं, कुत्री असं सगळं घालून दुसऱ्या मुक्कामाला निघायच्या.

मी हे आईला वाचून दाखवलं तेव्हा ती दुपारच्या झोपेतून नुकती उठली होती. तिने ते डोळे अर्धे मिटून ऐकलं.

"घर घिऊन निघायच्या," ती म्हणाली.

मग तिने विचारलं, वारा सुटला तर त्या काय करायच्या. मी म्हणाले, बघून सांगते. ती बरं म्हणाली आणि पुन्हा आडवी झाली, उताणी, हात दोन्ही बाजूंना सैल सोडून.